टोपलीतलं पाणी

एकोणीसशे त्रेसष्टचं ते साल. पाऊस अर्ध्यावरच हात झटकून निघून गेला होता आणि थंडी संपायच्या आतच गावाच्या विहिरीला दोर पुरेनासा झाला होता. त्या सकाळी लोहारीण आपला दोर माझ्या दोराला गाठ मारून जोडत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुला गं कशाला विहीर? तुझ्या नवऱ्याने सगळं पाणी वर कोंडून ठेवलंय की!"

आमच्या ह्यांनी दोन वर्षं खपून, गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या शेतापाशी ओढ्यावर मातीचा बांध घातला होता. बांधामागे कमरेएवढं पाणी उभं, आणि खाली विहिरीचा तळ दिसायला लागलेला. लहान मूलसुद्धा बोट दाखवून चोर दाखवेल.

संध्याकाळी लोहाराच्या भट्टीसमोर माणसं जमली. सगळ्यांच्या पुढे माझे थोरले दीर. आम्ही वेगळं निघाल्याचा राग अजून त्यांच्या पोटात होता.

"बांध फोडायचा," ते म्हणाले. "तू सांग, तू फोडतोस की आम्ही येऊ?"

"दादा, ऐकून तर घे. बांधातलं पाणी जमिनीत मुरतं. मुरलेलं पाणी खालून हळूहळू विहिरीला येतं. बांध नसता तर विहीर मागेच आटली असती."

"मग आटतेय कशाने?"

"एका कारणाने नाही. पाऊस अर्धा झाला. माळावरची झाडं आपण सगळ्यांनी तोडली, त्यामुळे पाणी तिथे थांबत नाही. शिवाय नव्या तीन विहिरी खणल्या. त्यातली एक तुझी. आणि..."

"अजून आहे का?" लोहार ओरडला. "माझी भट्टी विझायला आली राव!"

माणसं खो खो हसली.

दीर म्हणाले, "म्हणजे गुन्हेगार आम्ही सगळे, आणि तू एकटा धुतल्या तांदळासारखा?"

"तसं नाही रे. मी दाखवतो."

हे घरी धावत आले. शेणाची रिकामी टोपली उचलली, तिच्यात शेतातली कोरडी माती दाबून भरली आणि लोहाराच्या दोन दगडांवर नेऊन ठेवली. खाली परात. सासूबाई आणि मी पाण्याची कळशी घेऊन मागोमाग. त्या दिवसांत एवढं पाणी ओतायचं म्हणजे जीव तुटत होता. ह्यांनी ते मातीवर ओतलं.

"आता बघा. खाली येईल."

सगळ्यांनी माना वाकवून परातीत पाहिलं. परात कोरडी.

"थांबा जरा. आधी माती पिते, मग सोडते."

"आणि आम्ही तोवर काय प्यायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"त्याच्याच टोपलीने सांगितलं!" दीर टाळी वाजवून म्हणाले. "वर ओतलं ते वरच राहिलं. चला रे, पहारी काढा."

माणसं पांगली. जाताना लोहाराने ह्यांना नवं नाव देऊन टाकलं, टोपलीवाला. आम्ही तिघंच उरलो. भांडी आवरायला मी खाली वाकले, तेवढ्यात परातीत टप्प असा आवाज झाला. मग पुन्हा. सासूबाई उठून ओरडल्या, "अरे, आलं! पाणी आलं!" पण रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी बांध फुटला. हे आडवे गेले, तर सख्ख्या भावाने दंडाला धरून बाजूला काढलं. पाणी खळाळत ओढ्याने गावात आलं. बायकांनी हंडे भरले, पोरं डुंबली, दीर गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "बघा! कुणाचं खरं?" त्या दिवशी त्यांना खोटं कोण म्हणणार?

उन्हाळा चढायच्या आत विहीर ठणठणीत कोरडी पडली. गाव ओढ्यातल्या हिरव्या डबक्याचं पाणी गाळून प्यायला लागलं. घरोघर जुलाब सुरू झाले, आणि माझ्या जावेची चार वर्षांची पोर गेली. मी भेटायला गेले, तर जावेने दारातच अडवलं.

"तुमच्या बांधात कुजलेलं पाणी विहिरीत उतरलं, म्हणून झरे बुजून विहीर आटली. तुम्ही माझी पोर खाल्लीत."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "पाणी मुरतं, एवढं तरी तिला पटलं." हसले नाहीत.

लोहार पुढे गाव सोडून गेला. सासूबाई दोन्ही मुलांना एका ताटाशी बसवायचं म्हणत म्हणतच गेल्या. जाऊ शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही. वीस वर्षांनी त्याच जागी सिमेंटचा बांध झाला. फीत दिरांनी कापली आणि म्हणाले, "पाणी अडवलं की विहीर भरते. साधी गोष्ट आहे." टाळ्या पडल्या. हे माझ्या शेजारी पुटपुटले, "नुसतं अडवून नाही होत, दादा..." मी त्यांचा हात दाबला. हे वारले तेव्हाही गावाला टोपलीवालाच ठाऊक होता.

आता शेताशेतात बोअर आहेत, माळावर एक झाड नाही, आणि विहीर पुन्हा आटली आहे. परवा सून पाणी आणायला गेली ती हंडा रिकामाच घेऊन आली.

"आई, वरच्या बांधाने पाणी अडवलंय म्हणे. सगळे पहारी घेऊन निघालेत."

ती टोपली अजून आमच्या माळ्यावर आहे. मी काढायला सांगितली नाही. घरातली भांडी तेवढी ओढ्याकाठी नेऊन ठेवायला सांगितली. बांध फुटला की एक दिवस तरी भरतील.