खुर्च्या विणणाऱ्याचा नंबर

मी एक खुर्ची. सागवानी, दोन हातांची, वेताच्या बैठकीची. आपल्यावर बसणाऱ्याबद्दल चार लोकांत बोलू नये, हा आम्हा खुर्च्यांचा धर्म, आणि तीस-पस्तीस वर्षं मी तो पाळला. आता मात्र एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून जड झाली आहे, म्हणून आज बोलते.

रायपूरच्या शंकर नगरात एका सरकारी मंडळाचं ऑफिस आहे, तिथे माझं आयुष्य गेलं. मला घडवणाऱ्या सुताराचा चेहरा आठवत नाही, पण रंध्याचा हात आठवतो. पुढे माझ्यावर कितीतरी जण बसले. एक बडे बाबू जेवण झालं की माझ्यावर बसून घोरायचे, दुसरे मांडी घालून बसायचे आणि माझे हात करकरले की मलाच शिव्या द्यायचे. शेवटी मी निरंजन पांढरीपांडे यांच्या वाट्याला आले.

निरंजनभाऊ ठेक्यांच्या फायली सांभाळायचे. ब्राह्मणपाऱ्यातून स्कूटरवर यायचे आणि बसण्याआधी माझ्यावरून रुमाल फिरवायचे. माणूस मनाचा चांगला, हे मी आजही म्हणेन. खोड एकच होती. कोणी काही विचारलं तर 'मला माहीत नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघत नसत. माहीत नसलं की ते जरा पुढे सरकून बसत आणि जास्तच ठासून सांगत. ऐकणाऱ्याला ते कळत नसे. मला कळायचं.

वर्षातून एकदा, थंडीत, देवीदास रामटेके यायचा. ऑफिसातल्या दीडशे वेताच्या खुर्च्या दुरुस्त करायचा ठेका सोळा वर्षं त्याच्याच नावावर होता. त्याचे वडील रेल्वेच्या वेटिंग रूममधल्या खुर्च्या विणायचे, हात त्यांचाच. सोबत बायको, अंजनाबाई. मागच्या व्हरांड्यात ती बादलीत वेत भिजत घालायची, तो माझ्या भोकांतून ओढायचा आणि दोघं घरच्या गोष्टी करत विणत बसायची. बैठक पुरी झाली की अंजनाबाई आधी स्वतः बसून बघायची. साहेबांच्या खुर्चीवरसुद्धा. ती उठून 'हव, जमलं' म्हणाली की खुर्ची आत जायची. त्यांच्या वस्तीत बाया तिला ठेकेदारीण म्हणत, आणि हे ती हसत हसत दर वर्षी कोणाला तरी सांगायचीच.

मग नियम बदलले. आमचं मंडळ करापुरतं यापुढे सरकार धरलं जाणार नाही, असं एक परिपत्रक आलं. साहेब तेच, शिपाई तेच, दारावरची पाटीही तीच, पण ठेकेदारांच्या करांचं सगळं गणित फिरलं. देवीदासएवढ्या छोट्या माणसाला कायद्याने नोंदणीची सक्ती नव्हती. पण ऑडिटच्या धास्तीने साहेबांनी ठरवून टाकलं की जीएसटी नंबर नाही त्याला काम नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, तसं झालं.

देवीदास घाबराघुबरा होऊन आला. निरंजनभाऊंनी त्याला बसवलं, चहा पाजला, आपल्या कॉम्प्युटरवर स्वतः फॉर्म भरून दिला. त्यासाठी लागणारा ईमेल देवीदासने सदर बाजारातल्या एका ऑनलाइनवाल्याकडून काढून आणला होता. पंधरा दिवसांनी नंबर आला, तेव्हा देवीदासने तो कागद कपाळाला लावला.

जाताना दारातून तो परत फिरला.

"भाऊ, मायं बिल वर्षातून एकदाच निघते. बाकीचे अकरा महिने कागद कायचा भरू?"

निरंजनभाऊ माझ्यावर जरा पुढे सरकले.

"काम नाही, बिल नाही, तर कर कायचा? त्या महिन्यांत काहीच भरायचं नाही. चूप बसून राहाय तू."

देवीदासचा जीव भांड्यात पडला. त्याने ते जसंच्या तसं ऐकलं आणि जसंच्या तसं पाळलं.

काम नसलं तरी 'काम नव्हतं' असं दर वेळी लिहून द्यावं लागतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. वेताचा माणूस तो, त्याला काम नसताना कागद भरायचं कसं सुचावं? नोटिसा त्या ईमेलवर येत राहिल्या, आणि तो ईमेल कोणी उघडलाच नाही.

पुढच्या थंडीत फाइल निघाली. निरंजनभाऊंनी नंबर टाकून पाहिला आणि कॉम्प्युटरवर देवीदासच्या नावापुढे 'रद्द' आलं. त्यांनी तीनदा टाकून पाहिला. कुठे चुकलं हे त्यांना त्याच वेळी उमगलं, कारण ते इतके जड झाले की माझे दोन वेत तटकन तुटले. नंबर परत मिळवायची मुदतही टळली होती. साहेबांनी हात वर केले आणि दुरुस्तीचं काम माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीला देऊन टाकलं.

त्या दिवशी निरंजनभाऊ म्हणू शकले असते की चूक माझी. साहेबांपुढे नाही, तर निदान देवीदासपुढे. नंबर गेल्याचं कळवायला देवीदासला फोन त्यांनीच केला होता. पण बोलले एवढंच, की कागद वेळेवर भरले गेले नाहीत, म्हणून झालं.

एजन्सीला विणणारं दुसरं कोणी मिळालं नाही. म्हणून त्याच थंडीत देवीदासच आला, गळ्यात एजन्सीचं कार्ड अडकवून, रोजंदारीवर. कार्ड एकाचंच होतं, म्हणून अंजनाबाई घरी राहिली. बादलीत वेत तोच भिजवायचा आणि तोच ओढायचा. एकटा माणूस एका बाजूने ओढतो तेव्हा दुसरी बाजू ढिली पडते, मग पुन्हा उसवायचं.

माझी पाळी आली तेव्हा निरंजनभाऊ व्हरांड्यात येऊन उभे राहिले. घरचं कसं काय, विचारलं. वस्तीतल्या बाया अजून ठेकेदारीण म्हणतात म्हणून अंजनाबाईने नळावर जाणं सोडलं, असं त्याने सांगितलं. हात चालूच होता. मग वर न बघता म्हणाला,

"तुम्ही बरोबरच सांगतलं असन भाऊ. माह्या ऐकण्यातच काही चूक झाली. अडाणी माणूस मी."

मी उलटी पडले होते, पाय वर, आणि मला निरंजनभाऊंचा चेहरा दिसत होता. बोला, बोला, असं मी मनातून म्हणत होते. उत्तर द्यायला एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"असेल," ते म्हणाले, आणि आत निघून गेले.

देवीदासने मान हलवली आणि पुढचा वेत भोकात घातला.

त्यानंतर निरंजनभाऊ माझ्यावर कधी टेकून बसले नाहीत. कडेवर बसायचे, परक्याच्या घरी बसावं तसे. यंदा मार्चमध्ये ते निवृत्त झाले. हार गळ्यात असताना भाषणात सगळ्यांची नावं घेतली, देवीदासचं घेतलं नाही. मग नव्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या आल्या आणि मला गॅलरीत ठेवलं. आता माझ्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे आहेत आणि पुढच्या लिलावात मी जाईन. बैठक मात्र अजून टणक आहे, एकट्या हाताने विणलेली असली तरी.

माझं काही मागणं नाही. कोणाच्या घरी गेले तर जाईन, चुलीत गेले तरी चालेल. पण तुम्ही रायपूरचे असाल आणि कधी सदर बाजारात एखाद्या दुकानाबाहेर खुर्ची उलटी टाकून वेत ओढणारा, खाली मान घातलेला माणूस दिसला, तर क्षणभर थांबा. नाव विचारा. देवीदास रामटेके म्हणाला, तर त्याला माझ्यातर्फे एवढंच सांगा, की बाबा, तू बरोबर ऐकलं होतंस.