सोळा हात, त्यातले दहा वीब्रनचे

ए, इकडे! जिन्याखालच्या कपाटात, झाडूशेजारी. मी फोनचा डबा बोलतोय. आठ वर्षं दुसऱ्यांना बोलू दिलं, आता गप ऐका.

नेदरलँड्समधल्या फ्रीसलांडात, जनावरांच्या दवाखान्यात मी आहे. माझ्या पोटात सोळा हात. फोन आला की एक हात त्याला धरतो आणि आवाज इकडचा तिकडे पोचवतो. मोकळा हात नसला की समोरच्याला नुसतं टूं-टूं. शेंबड्या पोरालाही कळेल. वीब्रनला नाही कळलं.

वीब्रन म्हणजे मालक, गाईगुरांचा डॉक्टर. इथल्या लोकांना सगळं आधी राखून ठेवायची खोड. सख्ख्या बहिणीकडे कॉफीला जायचं तरी तीन आठवडे आधी डायरीत लिहितील! मला बसवायला आलेल्या माणसाला तो म्हणाला, "दहा हात शाखांशी फोनवर होणाऱ्या माझ्या मीटिंगला राखून ठेव."

"अरे, तुझ्या शाखा चार. शाखेला एक, तुला एक, पाच हात पुरे."

"आणि शाखा वाढल्या तर?"

वाढल्या कसल्या! एक बंदच पडली. म्हणजे मीटिंगला लागतात चार, उरलेले सहा माझ्या पोटात जावयासारखे बसून. घरात आग लागली तरी उठणार नाहीत, कारण ते राखीव! आणि अख्ख्या तालुक्याच्या गाईंना किती? तर सहा.

मार्च महिना, गाई विण्याचे दिवस. सकाळी नवाला मीटिंग सुरू. विषय काय, तर गाड्यांवरची अक्षरं निळी हवीत की हिरवी. बाकीचे डॉक्टर गोठ्यांवर गेलेले. माझे सहा हात भरलेले. एक शेतकरी फोन घेणाऱ्या हिल्काशी बोलतोय, पाच जण बासरी ऐकत ताटकळलेत.

तेवढ्यात बाउका शेतकरणीचा फोन. तिच्या गाईचं वासरू अडलं होतं, नुसता एक पाय बाहेर. मी दिलं टूं-टूं. परत फोन, परत टूं-टूं. एकोणीस वेळा! माझे सहा रिकामे हात शेजारीच लोळत होते, आणि मला हुकूम नाही. लाज वाटली हो. डबा असलो म्हणून काय झालं?

शेवटी बाई ट्रॅक्टर घेऊनच आली. शेणाच्या बुटांनी थेट मीटिंगच्या खोलीत.

वीब्रन म्हणाला, "बाउका, असं अचानक? फोन करून वेळ घ्यायची ना."

"फोन? एकोणीस वेळा केला, माठ्या! माझी गाय मरतेय आणि तू रंग निवडतोयस?"

"अकरापर्यंत मीटिंग आहे गं. डायरीत लिहिलंय."

बोलतोय तोवर हिल्का माझ्या कपाटाशी. बावीस वर्षं नोकरी केलेली बाई, मालकाला भीत नाही. हातातला फोन सहाही जणांना एकदम जोडून ओरडली, "दोन मिनिटांनी परत करा रे!" आणि माझी वायर उपटली.

सगळे सोळा हात झोपले. निळ्या-हिरव्याचा आवाज मधेच कापला गेला.

"झाली तुझी मीटिंग," हिल्का दारातून म्हणाली. "बूट घाल आता."

बूट घातले आणि गेला. गाय वाचली. वासरू नाही वाचलं. वीब्रन म्हणाला, अर्धा तास आधी कळतं तर जमलं असतं. हे तो बाउकाच्या तोंडावर म्हणाला! मग तिने काय ऐकवलं असेल, ते तुम्हीच समजा.

तुम्हाला वाटेल, आता तरी शहाणा झाला. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत आला, मला बसवणारा. वीब्रन त्याला म्हणाला, "मीटिंग मधेच तुटली रे. दहा कमी पडतात. बारा कर. आणि या कपाटाला कुलूप लाव."

मी आता कुलपात आहे. गाईंसाठी चार हात. तेव्हा एकच विनंती, गाय अडली तर मला फोन करू नका. ट्रॅक्टर काढा.