बोगद्यातला पांढरा माणूस

"हे सांगितलं तर कुणालाच पटायचं न्हाई," गँगमन पास्कूनं सुरुवातच अशी केली.

कॅसलरॉकच्या रेल्वेचाळीत तो आणि शेजारीण रोझीनबाय रोज दुपारी बायबलातली चारही शुभवर्तमानं ताडून वाचत. येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी मत्तय एक देवदूत सांगतो, लूक दोन माणसं. रोझीनबाय वहीत चार रकाने आखून फरक टिपायची. आता शनिवारच्या गाडीनं ती कायमची लेकीकडं वास्कोला निघाली होती, आणि पास्कूला तिला जाऊ द्यायचं नव्हतं.

"काल लाईन बघत बोगद्यात शिरलो, तर दगडावर पांढऱ्या कपड्यांतला माणूस. इंजिनाच्या धुराचा एक डाग न्हाई अंगावर. माझा कंदील आपोआप विझला. मग म्हणाला, शनिवारच्या गाडीत बसंल ती बाई ह्या बोगद्यातनं बाहेर पडायची न्हाई."

दारापर्यंत धुकं आलं होतं. रोझीनबायची पेन्सिल थांबली. साधलं, पास्कूला वाटलं.

"सकाळी माझा भाऊ येऊन गेला. त्यालाबी हेच सांगितलंस?"

"हेच. अक्षर इकडचं तिकडं न्हाई."

रोझीनबायनं वही मिटली. "खरं सांगणाऱ्या चौघांचं जुळत न्हाई, पास्कू. तुझं मात्र शब्दाला शब्द जुळतंय. पाठ केलेलं खोटं हाय हे."