सासऱ्यांची कवळी

सूनबाई दात करायची. दवाखान्यातून पेशंटच्या हिरड्यांचा प्लास्टरचा साचा यायचा आणि त्यावर ती लॅबमध्ये कवळी घडवायची. परक्यांच्या कवळ्या आठवड्यात हातावेगळ्या करणाऱ्या या बाईचं घोडं सासऱ्यांच्या कवळीपाशी मात्र अडलं. दीड महिना झाला तरी घासतेच आहे, भिंगाखाली धरून उसासे टाकतेच आहे.

इकडे सासरे बोळक्या तोंडाने दिवस काढत होते. त्यांनी जन्मभर बाजारात लिलाव पुकारलेला. एका हाकेत तीन गल्ल्या गोळा व्हायच्या. आता ते बोलताना तोंडापुढे हात धरत आणि ताट घेऊन आपल्या खोलीत जात. मुलगा, सून, नात टेबलाशी, आणि म्हातारा दाराआड. सूनबाईला हे रोज दिसत होतं. पण घरच्या माणसाला आपल्या हातचं टोचलं तर काय तोंड दाखवायचं, म्हणून ती आणखी एकदा घासायला घ्यायची.

लॅब चालवणाऱ्या बाईंची तऱ्हा वेगळीच. कवळी पाठवण्याआधी त्या साच्यावर पेन्सिलीने ठिपका काढून ठेवत. इथे टोचणार. दवाखान्यातून तक्रार आली की ठिपका ताडून पाहत.

"आज सपशेल चुकले," एकदा त्या लॉटरी लागल्यागत म्हणाल्या. "मी म्हटलं गालाकडे, त्याला टोचलं जिभेखाली. का बरं?" चहाचं पाणी झालं तरी त्यांचं साचा फिरवून बघणं चालूच.

"चुकल्याचा आनंद कसला हो, बाई?"

"अगं, बरोबर आलं की मला ठाऊक होतं तेच कळतं. तुझ्या सासऱ्यांचा ठिपका कुठाय?"

सूनबाईने ठिपका काढलाच नव्हता. कुठेच टोचू नये, एवढंच तिने ठरवलं होतं.

"हा साचा ना चावतो, ना बोलतो," बाई म्हणाल्या. "त्याला बसेल अशी कवळी तू केव्हाच केलीस. आता माणसाला दे."

त्याच संध्याकाळी तिने कवळी दिली. सासऱ्यांनी ती घातली, आरशात दात विचकले.

"टोचतं का कुठे, बाबा?"

"छे. जन्मापासूनचे वाटतायत."

तिचा जीव भांड्यात पडला. पण दोनेक दिवसांत डोक्यात किडा वळवळू लागला. बाईंच्या हातचीही कवळी पहिल्या फटक्यात बसत नाही, मग ही बसली कशी? आणि ताट अजून खोलीतच का जातंय? पाणी द्यायच्या निमित्ताने ती आत डोकावली. कवळी रुमालात गुंडाळलेली, आणि सासरे हिरड्यांनी पाव चघळतायत.

"बाबा, खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तू ती परत नेली असतीस," ते खाली बघत म्हणाले. "मग पुन्हा दीड महिना. त्यापेक्षा टोचरी का होईना, जवळ तर आहे."

तिच्या काळजीपायी म्हातारा तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता. रडावं की काय करावं, तिला कळेना. मग तिने रुमाल सोडला.

"थांबा, सांगू नका. इथे?"

"नाही."

"मग या कडेला?"

"अंहं."

"अहो, मग कुठे?" आता तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

सासऱ्यांनी आ केला. उजवीकडे, अगदी मागे, हिरडी लालभडक झाली होती. तिथे लागायचं काही कारणच नव्हतं. ती विचारात पडली.

"बाबा, लिलाव पुकारून दाखवा बरं."

"आत्ता?"

"हळूच."

त्यांनी पुकारलं. जबडा चांगला बोटभर उजवीकडे ओढला गेला. जन्माची सवय ती. प्लास्टरला काय कळणार? सूनबाईला इतकी मौज वाटली की तिने त्यांना पुन्हा पुकारायला लावलं. मग पर्समधली बारीक कानस काढून ती पलंगावरच बसली आणि कड उतरवली.

"आता?"

सासरे जरा घुटमळले. "कमी झालं. पण टोचतंय अजून."

"टोचू दे. चला, बाहेर बसून खा. जिथे लागेल तिथे लगेच सांगा, मी कानस घेऊनच बसते."

ते ताट घेऊन तिच्यामागून टेबलाशी आले. पावाचा कडक तुकडा तोंडात टाकला, चावला, थांबले. मुलगा नि नात बघत होते.

"डावीकडे टोचलं," ते सगळ्यांदेखत खणखणीत आवाजात म्हणाले, आणि दुसरा तुकडा उचलला.