वेळापत्रकात नसलेला धक्का

आमच्या ह्यांना कित्येक महिन्यांनी शनिवार-रविवार अशी लागून सुट्टी मिळाली, तेव्हा त्यांना पहिलं आठवलं ते स्वयंपाकघराचं छत. "पोपडे धरलेत. रंगाचा एक हात मारून घेऊ," म्हणत ते मान वर करून उभे राहिले.

मी भांडी विसळत होते. वळलेच नाही. म्हटलं, "छत कुठे पळून जातंय? आपण समुद्र बघून येऊ."

समुद्र आमच्या गावापासून सहा तासांवर. तिथलं शहर मोठं, बघण्यासारखं पुष्कळ, हे सगळ्यांनाच माहीत. तिथे आमची भिंगरी राहते, हेही आम्हा दोघांना माहीत. पण ते मी बोलले नाही आणि त्यांनी विचारलं नाही. "समुद्र म्हणजे काय, पाणीच ना," एवढं म्हणून ते बाहेर गेले. पाच मिनिटांनी परत येऊन दारातूनच विचारलं, "पहाटेची गाडी किती वाजताची असते?"

भिंगरी हे आमच्या एकुलत्या एक लेकीचं टोपणनाव. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून ह्यांनीच ठेवलेलं. हे बसचे ड्रायव्हर. सव्वीस वर्षं एकच रस्ता, डेपो ते दगडाच्या खाणी, सत्तेचाळीस वळणं. कोणाकडे कधी काही मागितलं नाही. मागितलं ते एकदाच, तिच्यासाठी. तिचं शिक्षण संपलं तेव्हा नवा शर्ट घालून डेपो मॅनेजरसमोर उभे राहिले आणि ऑफिसातल्या जागेसाठी शब्द टाकला. जागा मिळाली. सोमवारी रुजू व्हायचं, आणि शनिवारी जेवता जेवता भिंगरी म्हणाली, "बाबा, मी बोटीवर जाणार आहे. प्रशिक्षणाला माझी निवड झालीय."

अर्ज कधी केला, परीक्षा कधी दिली, आम्हाला कशाचा पत्ता नाही. ह्यांचा हात ताटातच थांबला.

"मला तोंडघशी पाडलंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असता का?"

ह्यांच्या तोंडून नको ते निघून गेलं. "जा. पाण्यात जायचं तर जा. पण बुडायला लागलीस तर मला हाक मारू नकोस."

तीही ह्यांचीच लेक. शब्द धरून बसली. दोन वर्षं झाली, फोन येतो तो माझ्या मोबाईलवर. तो आला की हे वर्तमानपत्र उघडून बसतात. पान मात्र उलटत नाही.

तर सहलीची तयारी सुरू झाली. ह्यांना बाजारात जायचं तरी वेळापत्रक लागतं. जुन्या ड्युटी-तक्त्याची पाठची कोरी बाजू घेतली, पट्टीने रेघा मारल्या आणि सलग तीन संध्याकाळ टेबलाशी बसून सगळं आखलं. दहा वाजून दहा ते साडेअकरा, संग्रहालय. पावणेबारा, घंटाघर. बारा, जुना बाजार. एक ते एक चाळीस, जेवण. दोन, मत्स्यालय. सव्वाचार, दीपगृह. रविवारी सकाळी मोठी बाग आणि चित्रांचं दालन. दोन ठिकाणांच्या मध्ये चालायला किती मिनिटं लागतील तेही कंसात लिहिलं, आणि माझ्या गुडघ्यासाठी प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं वाढवली.

मी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "अहो, शहर समुद्रावर आणि तुमच्या कागदावर मासे काचेतले! बंदर कुठे आहे ह्यात? धक्का कुठे आहे?"

"येता-जाता दिसेल की."

"येता-जाता कसं दिसेल? तुम्ही रस्ते असे काढलेत की पाण्याचं तोंडसुद्धा दिसणार नाही."

"दोन दिवसांत काय काय बघणार?" म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली.

मी इस्पितळाच्या धुलाई विभागात शिवणकाम करते. चादर मधोमध झिजली की ती उभी फाडायची, धड राहिलेल्या कडा मधे आणून जोडायच्या आणि बाहेरच्या बाजू दुमडून शिवायच्या. तशी चादर आणखी दोन वर्षं काढते. हात सवयीने चालतात आणि मन मोकळं राहतं, ते काही फार चांगलं नाही. त्या आठवड्यात माझं मन सारखं त्या शहरात. मला संग्रहालय नको होतं की घंटाघर. भिंगरीने केस कापलेत म्हणे. कितपत, ते फोनवर कळत नाही. दोर ओढून तळहाताला घट्टे पडलेत म्हणते, आणि हसते. ते घट्टे मला बोट फिरवून बघायचे होते. तिची खोली कशी आहे, उशी पुरेशी उंच आहे का, खिडकीतून ऊन सरळ डोळ्यांवर येतं का, असलं काहीबाही.

माझ्या शेजारी इस्त्रीच्या टेबलावर एक बाई असतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांनी विचारलं, "दोन दिवसांसाठी एवढी काय गं गडबड? कापडाऐवजी बोट शिवून घेशील."

"लेकीकडे चाललोय," मी म्हणाले. मोठ्याने तसं म्हणताना इतकं बरं वाटलं की मी ते पुन्हा एकदा म्हणाले.

पण लेकीला अजून सांगितलंच नव्हतं. रविवारी तिचा फोन आला तेव्हा हे नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राआड.

"भिंगरी, येत्या शनिवारी काय करतेस?"

"ड्युटी, आई. सकाळी सात ते तीन. रविवारीही तीच. का गं?"

"आम्ही येतोय. म्हणजे, शहर बघायला."

"आधी सांगायचंस ना! आता रजा नाही मिळायची. मी सगळ्यात नवी आहे इथे." तिचा आवाज बारीक झाला. "आम्ही म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? मी आणि बाबा."

"बाबा येतो म्हणाले?"

"त्यांनीच तर सगळं आखलंय."

"माझं काही विचारतात?"

मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. कडेला धरलेली चार बोटं दिसत होती, घट्ट. "रोज विचारतात," मी म्हणाले. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते, तेही त्या माणसाच्या समोर. वर्तमानपत्र हललं नाही.

मग ती घाईघाईने सांगत सुटली. दीपगृहाला दोनशे बारा पायऱ्या आहेत, तू चढू नकोस, खाली बाकावर बस. संग्रहालयाच्या मागच्या दाराने गेलं की रांग लागत नाही. बाजारात पाणी विकत घेऊ नका, घरून न्या. सगळ्या शहराची माहिती दिली, फक्त स्वतःला कुठे आणि केव्हा भेटायचं ते राहिलं. शेवटी मीच विचारलं, "तुझी बोट कुठली?"

"पलीकडच्या किनाऱ्याला जाते ती. पिवळ्या पट्ट्याची."

"पिवळ्या पट्ट्याची होय?" मी म्हणाले.

"पण तुम्ही येऊ नका, आई. ड्युटीवर मला धड बोलताही येणार नाही. आणि बाबांना ते... राहू दे."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ टेबल पुसत राहिले. स्वच्छ होतं तरी.

बुधवारी हे डेपोतून आले ते तोंड पाडून. ह्यांच्या जागी येणारा ड्रायव्हर घसरून पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. सुट्टी रद्द. "राहिलं आता," म्हणाले आणि वेळापत्रकाचा कागद फ्रिजवरून काढून खणात टाकला. मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? रात्री अंथरुणात एकटीने जाण्याचा विचार करून पाहिला. सहा तासांचा प्रवास, अनोळखी शहर. पण माझं अडत होतं ते त्याने नाही. मी एकटी गेले असते तर भिंगरीने दोनदा माझ्या मागे बघितलं असतं, आणि मग बघायचं थांबवलं असतं. ते मला बघवलं नसतं.

गुरुवारी संध्याकाळी हे आले, हातपाय धुतले आणि खण उघडून कागद परत फ्रिजवर लावला.

"हे काय?"

"मिळाली सुट्टी. कागदोपत्री चूक झाली होती."

मी खोदून विचारलं नाही. पण शुक्रवारी कामावरून येताना बसमध्ये ह्यांच्याबरोबरचा कंडक्टर भेटला, त्या दिवशी दुसऱ्या गाडीवर होता. माझ्या हातात तिकीट देता देता म्हणाला, "वहिनी, काल तुम्ही असायला हवं होतं. दादा मॅनेजरच्या केबिनमध्ये अर्धा तास उभे होते. मॅनेजर जुनं उकरून काढत होता, तुमच्या मुलीची जागा, दिलेला शब्द, सगळं. आम्ही बाहेरून ऐकत होतो. आम्हाला वाटलं, आता हे ताडकन निघून येणार. तर नाही. ते म्हणाले, 'तुम्ही बोलताय ते खरं आहे, साहेब. पण मुलीला दोन वर्षं पाहिलं नाही. दोन दिवस द्या.' मॅनेजरने रजेवर सही केली."

मी खिडकीकडे तोंड केलं. माझा थांबा मागे गेला, ते कंडक्टरनेच सांगितल्यावर कळलं.

घरी आल्यावर मी ह्यांना काही सांगितलं नाही. फक्त त्यांचा निळा शर्ट पुन्हा एकदा इस्त्री केला.

शनिवारी दहा वाजून आठ मिनिटांनी आम्ही संग्रहालयाच्या दारात होतो. मागच्या दाराने गेलो, रांग लागली नाही. "मागून जायचं हे बरं ठाऊक तुम्हाला," मी म्हणाले. "तुझा फोन पार इकडे ऐकू येतो," ते म्हणाले. आत जुनी भांडी होती, मोठमोठे दगडी पुतळे होते. ह्यांनी त्यातलं एकही धड पाहिलं असेल असं मला वाटत नाही. दर दालनात घड्याळ बघत होते. अकरा वाजताच म्हणाले, "चल."

"साडेअकरापर्यंत आहे ना?"

"झालं बघून."

घंटाघर डाव्या हाताला दिसत होतं. हे उजवीकडे वळले. मी मागे चालत राहिले. गल्ली, मग मोठा रस्ता, मग दोरखंडांची आणि डिझेलच्या पिंपांची दुकानं. एकदाही कोणाला रस्ता विचारला नाही. मग वारा एकदम तोंडावर आला, खारट, आणि समोर धक्का. तीन बोटी लागल्या होत्या. हे खिडकीवर तिकिटं काढून सरळ पिवळ्या पट्ट्याच्या बोटीकडे गेले.

भिंगरी फळीपाशी उभी राहून माणसं आत घेत होती. केस कानांपर्यंत. गणवेशाच्या बाह्या वर दुमडलेल्या. मला बघून तिचा चेहरा उजळला, आणि माझ्यामागे बघून ती थांबली. ह्यांनी दोन तिकिटं पुढे केली. तिने ती फाडली. "पायाखाली बघा, फळी ओली आहे," म्हणाली. प्रत्येकाला म्हणत होती तसंच.

बोट सुटताना तिने जाडजूड दोर सोडवला, ओढून घेतला आणि बघता बघता त्याचं गोल वेटोळं घातलं. मग सगळ्यांसमोर उभी राहून तरंगायचं जाकीट कसं घालायचं ते दाखवू लागली. माणसं पाण्याकडे बघत होती, फोटो काढत होती. हे मात्र ताठ बसून शाळेतल्यासारखे ऐकत होते. सीटखालचं जाकीट काढून त्यांनी अंगात घातलं, शर्टावरून, आणि पट्टा लावायला लागले. तो काही लागेना.

दाखवून झाल्यावर ती आली. वाकून तिने पट्टा ओढला, खटका बसवला.

"घट्ट होतंय का?"

"नाही. बरोबर आहे," हे म्हणाले. थोड्या वेळाने, खाली बघत, "मी तुला हाक मारू नकोस म्हणालो होतो. ते चुकलं माझं."

भिंगरीने पट्टा सोडला नाही. "बाबा," ती म्हणाली. एवढंच. मग कोणीतरी पलीकडून तिला बोलावलं आणि ती गेली.

आम्ही तीन वाजेपर्यंत त्याच बोटीवर होतो. पाच वेळा पलीकडे गेलो, पाच वेळा आलो. मला मळमळलं, तरी उतरले नाही. ड्युटी संपल्यावर ती आमच्या मध्ये येऊन बसली. मी तिचा हात मांडीवर घेतला, उलटा केला. घट्टे होते, चार बोटांच्या मुळाशी, पिवळे आणि खरखरीत. खोलीवरही गेलो. खोली लहान, पण ऊन डोळ्यांवर येत नाही. संध्याकाळभर ह्यांनी तिला इंजिनाबद्दल विचारलं, आणि ती त्यांना भरती-ओहोटी समजावत राहिली. मी ऐकत होते. मला त्यातलं अर्धंही कळलं नाही आणि ते संपू नये असं वाटत होतं.

पण रविवार आला तसा गेला. चारची गाडी होती. साडेतीनला ती धावत स्टँडवर आली, गणवेशातच, घामाघूम. फार बोलायला वेळ नव्हता. मी तिच्या कानामागे केस सारायला हात नेला, आणि सारायला केस नव्हतेच.

"पोचलात की फोन करा, बाबा," ती खिडकीखालून म्हणाली.

"करतो."

गाडी निघाली. शहर संपेपर्यंत इमारतींच्या फटीतून समुद्राचे तुकडे दिसत होते. मग गोदामं लागली, मग शेतं. हे खिडकीला कपाळ टेकून मागे बघत बसले होते.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. पण मान काही वळवली नाही.