नाल्यापलीकडची अंगणवाडी

मंजुश्रीचा भाऊ अश्वजित लहान असतानाच नाल्यात वाहून गेला. आई, बेबीताई, दुसऱ्याच्या शेतात निंदायला गेली होती. मंजुश्री शाळेत होती. बौद्ध वस्तीसाठी मंजूर झालेली अंगणवाडी तेव्हाचे सरपंच रंगराव यांनी नाल्यापलीकडे, स्वतःच्या घराशेजारी बांधून घेतली होती; पावसात तिथं जाता येत नसल्याने अश्वजित त्या दिवशी एकटाच मागे राहिला होता. माती देऊन लोक परतले, तेव्हा रंगराव बेबीताईला म्हणाले, "लेकरू सांभाळता येत नाही, त कामाले जाता काऊन?"

मंजुश्री ते वाक्य विसरली नाही.

पुढे ती संख्याशास्त्र शिकून बुलढाण्यात एका संस्थेत लागली. कुठल्या वस्तीतल्या मुलांना अंगणवाडी गाठता येत नाही, याचा नकाशा करायचं काम आलं, तेव्हा अमडापूरजवळचं आपलं गाव तिने मुद्दाम मागून घेतलं. जुन्या नकाशात अंतर सरळ रेषेत धरलेलं, म्हणून वस्ती अंगणवाडीला खेटून दिसे. मंजुश्रीने पायवाट मोजली, पुराच्या दिवसांतला पुलावरचा फेरा धरला, त्याला अंगणवाडीतली हजेरी जोडली. पावसाळ्यात वस्तीतलं एकही मूल तिथं पोचत नव्हतं. तिने आकडे पुन्हा तपासले. एक जरी चुकला असता, तरी रंगरावांना निसटायला जागा मिळाली असती.

कुणकुण लागताच रंगराव तिच्या घरी आले. "पोरी, गावाचं नाव खराब होऊन राह्यलं. नकाशावरचं एक टिंब इकडचं तिकडं केलं, त काय होते?"

"तुम्ही केलं होतं ना, काका. काय झालं, ते मायले विचारा."

बेबीताई तांदूळ निवडत होती. "बसा म्हणत नाही मी तुमाले," ती म्हणाली.

ग्रामसभेत मंजुश्रीने भिंतीवर नकाशा दाखवला. मग अश्वजितचं नाव घेतलं आणि रंगरावांचं ते वाक्य सगळ्यांदेखत जसंच्या तसं सांगितलं. रंगरावांची सून प्रतीक्षा मुलाला घेऊन उठली आणि वस्तीतल्या बायकांत जाऊन बसली. रंगरावांनी मान खाली घातली. मंजुश्री त्यांच्याकडे पाहत राहिली, पोटभर.

उन्हाळ्यात वस्तीत अंगणवाडी उघडली. त्या दिवशी मंजुश्रीने आईला विचारलं, "बरं वाटलं का वं माय?"

"मले वाटलं होतं, आतलं हलकं होईन. नाही झालं," बेबीताई म्हणाली. "पण त्याची मान खाली गेलेली पाह्यली, ते बरं वाटलं."