ढब्बूचं मुसकं

ढब्बू कुत्र्याची जात म्हणे धोकादायक! शिवणयंत्र घरघरलं की पलंगाखाली दडी मारणारं हे धूड! पण बाहेर नेताना तोंडाला मुसकं हवंच, या कायद्यापुढे शहाणपण कुणी सांगायचं? शिवणकाम करणाऱ्या मावशींनी मुकाट्यानं त्याला जाड कापडाचं मुसकं शिवलं. मुसकं चढलं की फिरायला जायचं, एवढं ढब्बूला पक्कं ठाऊक झालं.

मग नवा नियम आला. ही जात घरात ठेवायचीच नाही.

पालिकेचा माणूस दारात गाडी घेऊन उभा राहिला. “माझ्या हातात काही नाही हो, मावशी. तेवढं मुसकं घाला.”

मावशी शिवणयंत्रापुढून उठल्याच नाहीत.

ढब्बूनंच खुंटीवरचं मुसकं ओढलं, शेपूट हलवत त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं आणि तोंड पुढे केलं.